कोची हे नैसर्गिक बंदर आहे

मौद्याच्या गुरुजींनी चौतीस वर्षांच्या नोकरीत अरबी समुद्र किमान हजार वेळा काढला असेल. पाहिला मात्र एकदाही नव्हता. निळा खडू आडवा धरून फळ्यावर घासला की समुद्र तयार. मग त्याच्या काठाकाठाने ठिपके देत ते वर्गाकडून वदवून घेत : कांडला, मुंबई, मार्मागोवा, नवे मंगळूर, कोची, कन्याकुमारीला वळसा घालून तुतिकोरिन, चेन्नई, विशाखापट्टणम, पारादीप, हल्दिया. पोरं हे तेराच्या पाढ्यासारखं म्हणत, म्हणजे मधलं थोडं गाळून. परीक्षेत प्रश्न ठरलेला : 'नैसर्गिक बंदर म्हणजे काय? उदाहरण द्या.' मुंबई किंवा कोची लिहिलं की एक गुण. एका पोरानं एकदा लिहिलं होतं, 'कोची हे बंदर माणसाने खोदले.' गुरुजींनी त्याच्या पेपरावर एवढं मोठं शून्य काढलं की ते पुढच्या उत्तरावर चढलं.

तो पोरगा पुढे रेतीच्या टिप्परच्या धंद्यात गेला. त्याच्याकडे नंतर येऊ.

मौदा म्हणजे नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालं की लागणारं, कन्हान नदीच्या काठावरचं तालुक्याचं गाव. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला एनटीपीसीचा 2320 मेगावॉटचा वीजप्रकल्प, मधून महामार्ग. रात्री परतणाऱ्याला लांबून प्रकल्पाच्या चिमण्यांवरचे लाल दिवे दिसतात, तेवढंच काय ते मौद्याचं दीपगृह. ज्या जिल्ह्यात झिरो माइलचा दगड रोवलेला आहे तिथल्या माणसाला समुद्र कुठल्याही दिशेनं गेलं तरी परवडण्यासारखा नसतो. पण गुरुजी निवृत्त झाले, पुण्याच्या लेकाला अचानक आईबापाचा कळवळा आला आणि त्यानं मुंबईहून कोचीला जाऊन परत येणाऱ्या क्रूझची दोन तिकिटं काढून थेट मोबाइलवर पाठवली. गुरुजींनी ती झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी बनियनच्या खिशात.

मुंबईच्या धक्क्यावर काकूंचा डबा गेला. बाहेरचं खाणं जहाजावर चालत नाही म्हणे. चिवडा, तिळाची चटणी, मुरमुऱ्याचे लाडू, सगळं एका निळ्या टोपल्यात. काकू रडवेल्या झाल्या होत्या, पण पुढच्या रांगेतल्या एका नागपूरकराचा सात दिवसांचा खर्रा, रोजच्या हिशेबानं बांधलेल्या पुड्यांसकट, त्याच टोपल्यात पडताना पाहून त्यांना जरा बरं वाटलं. माणसाला दुसऱ्याचं दुःख आपल्यापेक्षा मोठं दिसलं की प्रवास सुखाचा होतो.

समुद्रावरच्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पाणी होतं. जहाजाला अकरा मजले होते, आणि प्रत्येक मजल्यावर कोणी ना कोणी खात होतं. कोचीच्या दिवशी मात्र गुरुजी पहाटे पाचला डेकवर जाऊन उभे राहिले, मफलर गुंडाळून. जानेवारी होता खरा, पण कोचीच्या जानेवारीला ते कोणी सांगितलेलं नसतं. दहा मिनिटांत मफलर ओला झाला. नागपूरच्या उन्हात अंगावरचा घाम वाळून मीठ उरतं. इथं घाम वाळायचं नावच घेत नव्हता. 'इथं आपला वाळ्याचा कूलर चालाचा नाई बरं,' गुरुजी म्हणाले. जगातल्या कुठल्याही हवामानाला मोजायला विदर्भातल्या माणसापाशी कूलर हे एकच माप असतं.

मग खाडीचं तोंड आलं. उजव्या हाताला फोर्ट कोचीचा किनारा, डाव्या हाताला वैपीन, दोन्हीकडे पाण्यावर वाकलेली चिनी जाळी, समोर वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलच्या जिराफासारख्या क्रेन, आणि एवढ्या मोठ्या जहाजाला अजिबात न भिता मधून इकडून तिकडे पळणाऱ्या माणसांनी भरलेल्या फेरीबोटी. मौद्याच्या चौकात ट्रक आला तरी सायकलवाला जसा आपल्याच तालात रस्ता ओलांडतो, तसं. गुरुजींनी काकूंना हाताला धरून पुढे आणलं आणि समोर बोट करून, वर्गात म्हणत त्याच स्वरात म्हणाले, 'कोची. नैसर्गिक बंदर.'

'हाव,' काकू म्हणाल्या. 'तुमी सांगतलं म्हणून आलं.'

कर्ण्यावरून सूचना झाली : जहाज पाचला सुटेल, साडेचारच्या आत सर्वांनी परत यावं. गुरुजींनी मनगटावरचं एचएमटी घड्याळ जहाजाच्या घड्याळाशी लावून पाहिलं. एसटीचं बरं असतं. कंडक्टर घंटीची दोरी हातात धरून म्हणतो, 'थांब बे, गुरुजी येऊन राह्यले.' जहाजाला दोरी होती, पण ती ओढणारा ओळखीचा नव्हता. त्या दिवसभरात गुरुजींनी ते घड्याळ किती वेळा पाहिलं याची गणती काकूंनी एकोणचाळीसपर्यंत ठेवली, मग सोडून दिली.

जहाजवाल्यांची सहल गुरुजींनी केव्हाच नाकारली होती. एका माणसाच्या सहलीच्या पैशात आख्खी रिक्षा दिवसभर मिळते, हा हिशेब त्यांनी मौद्यातच मांडून ठेवला होता. फाटकाबाहेर आल्यावर रिक्षावाल्यांची जी फळी चालून आली तिच्यातून त्यांनी एक वयस्कर, मिशाळ, कमीत कमी ओरडणारा निवडला. त्याची हिंदी फर्मास होती. अकरा वर्षं दुबईत गाडी चालवली होती, तिथंच शिकला. उत्तरेत कधी पाऊल न टाकलेला मल्याळी माणूस अरबांच्या देशात पठाणांकडून हिंदी शिकून येतो आणि ती कोचीत मौद्याच्या माणसाशी बोलतो. भाषावार प्रांतरचनेत याची सोय कोणी केलेली नाही.

'चेट्टा म्हणा,' तो म्हणाला. चेट्टा म्हणजे दादा. गुरुजी त्याच्याहून वयानं मोठे, तरी दिवसभर चेट्टा म्हणत राहिले.

रिक्षा पन्नास पावलं गेली असेल नसेल, चेट्टानं मागे वळून सांगितलं, 'ये पूरा आयलंड आदमी ने बनाया, सार. समंदर का रेती निकाला, इधर डाला.'

गुरुजी सावरून बसले. 'रेती?'

'पूरा रेती.'

मौद्यात रेती हा शब्द जरा आवाज खाली करून उच्चारतात. कन्हानची रेती म्हणजे नागपूरच्या बांधकामाचा अर्धा जीव. घाटांचे लिलाव, रॉयल्टीच्या पावत्या, रात्रीचे टिप्पर, सकाळची तहसीलदारांची धाड आणि दुपारचं शांत पात्र, हा तालुक्याचा बारमाही उद्योग. त्यामुळे साडेसातशे एकरांहून मोठं, वर नौदल, रेल्वे स्टेशन, गोदामं आणि आता हे क्रूझचं टर्मिनल वागवणारं आख्खं बेट उपशाच्या रेतीवर उभं आहे हे ऐकून गुरुजींच्या तोंडून जो प्रश्न निघाला तो अगदी स्वाभाविक होता.

'रॉयल्टी भरली होती काय?'

चेट्टाला प्रश्न कळला नाही. उत्तर द्यायचं तर रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज इंजिनिअरला बोलवावं लागलं असतं. ते 1920 साली कोचीला आले. त्या वेळी खाडीच्या तोंडाशी घट्ट वाळूचा असा बांध पसरलेला होता की मोठी जहाजं आत शिरूच शकत नसत. ती बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहत आणि माल होड्यांतून चढे-उतरे. पावसाळ्यात तेही बंद. ब्रिस्टोंनी तो बांध कापून खोल वाट काढली. 26 मे 1928 रोजी 'पद्मा' नावाची आगबोट त्या वाटेनं आत आली. उपसलेल्या गाळ-वाळूचं काय करायचं, तर बेट. लॉर्ड विलिंग्डन हे मद्रासचे गव्हर्नर होऊन गेलेले, म्हणून विलिंग्डन बेट. वाळू काढायची आणि साहेबाचं नाव द्यायचं, हे तंत्र तेव्हापासून ठाऊक आहे.

म्हणजे गुरुजी ज्या जागेवर उभे होते तीही माणसानं केलेली आणि ज्या वाटेनं आले तीही. उरला निसर्गाचा वाटा. तोही काही ठरवून दिलेला नाही. 1341 साली पेरियार नदीला असा महापूर आला की उत्तरेकडचं मुझिरिस, म्हणजे रोमन लोक सोनं मोजून ज्याच्याकडून मिरी नेत ते जुनं बंदर, गाळानं भरून गेलं आणि कोचीपाशी समुद्राला नवं तोंड फुटलं असं सांगतात. एका गावाचं पोट भरून दुसऱ्याचं तोंड उघडलं. निसर्गानं पुरानं सुरुवात केली, ब्रिस्टोंनी पोकलेनसारखी पुरी केली.

यातलं बरंचसं रस्त्याकडेच्या फलकांवरून आणि थोडं लेकानं मोबाइलमध्ये भरून दिलेल्या माहितीतून गुरुजींना जुळवता आलं. ते गप्प झाले. तोप्पुंपडीच्या पुलावर काकूंनी विचारलं, 'काय झालं? पोटात दुखते काय?'

'नाई. एक पेपर आठवून राह्यलो.'

फोर्ट कोचीला किनाऱ्यावरची चिनी जाळी जवळून पाहिली की ती जाळी कमी आणि विहिरीवरचा रहाट जास्त वाटतात. लांबलचक वासे, त्यांच्या टोकाला पाण्यावर ताणलेलं चादरीएवढं जाळं, मागच्या बाजूला दोरांना बांधलेले भलेमोठे दगड. पाचसहा जण मिळून झुलवतात. जाळं खाली जातं, दोनचार मिनिटं थांबतं आणि दगडांच्या वजनानं वर येतं. ही युक्ती कोणी आणली यावर एकमत नाही. कोणी म्हणतं कुब्लाई खानाच्या दरबारातून आली, कोणी म्हणतं मकावहून पोर्तुगीजांनी आणली. गुरुजींना भंडाऱ्याकडचे मालगुजारी तलाव आणि तिथले ढीवर आठवले. एकटा माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहून जाळं असं फेकतो की त्याचा गोल कंपासनं काढल्यासारखा पडतो. सहा माणसं आणि दोन क्विंटल दगड कशाला?

हे त्यांनी बोलून दाखवलं नसतं तर बरं होतं. एकानं हसत दोर त्यांच्या हाती दिला. 'पुल, सार, पुल!' गुरुजींनी ओढला. काकूंनी फोटो काढला, त्यात गुरुजी अर्धे आणि काकूंचं बोट पूर्ण आलं. जाळं वर आलं तर आत जलपर्णीचा ढीग, एक चप्पल आणि चारसहा चंदेरी मासोळ्या, त्या आपण सापडलो यावर विश्वास न बसल्यासारख्या उडत होत्या. मग त्या माणसानं हात पुढे केला. गुरुजींना वाटलं, मजुरी मिळते आहे. ती द्यायची होती.

'आपण ओढलं, अन् पैसेही आपणच द्याचे?' काकूंनी विचारलं.

'श्रमदान आहे असं समज.'

'श्रमदानात चहा तरी देतात.'

तिथून पाच मिनिटांवर सेंट फ्रान्सिस चर्च. हिंदुस्थानातलं युरोपियनांनी बांधलेलं सर्वांत जुनं चर्च म्हणून ख्याती. सुरुवात 1503 ची, लाकडाची. वास्को द गामा तिसऱ्या खेपेला आला तो 1524 च्या नाताळाच्या आदल्या दिवशी कोचीतच वारला आणि याच चर्चमध्ये पुरला गेला. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. इथं उरली कठडा घातलेली फरशी. डोक्यावर कापडी पंख्यांची रांग टांगलेली, त्यांचे दोर भिंतीबाहेर काढलेले. बाहेर उन्हात बसून कोणीतरी ओढायचं म्हणजे आत साहेबाची प्रार्थना थंड डोक्यानं व्हायची. गुरुजी त्या पंख्यांखाली बराच वेळ उभे होते. कूलरचा पूर्वज सापडल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

काकू कबरीपाशी. 'हा कोण?'

'वास्को द गामा. यानं युरोपातून इकडं याचा समुद्रमार्ग शोधला. मिरी न्याले आला होता.'

'मिरी नेली, आणलं काय?'

गुरुजींना हा प्रश्न आवडला. चौतीस वर्षांत एकाही पोरानं विचारला नव्हता. 'यानं नाई, पण याच्या मागून जे पोर्तुगीज आले त्याईनं मिरची आणली. त्याच्याआधी आपल्याकडं मिरची नव्हतीच.'

काकू स्तब्ध झाल्या. मौद्यापासून तासादीडतासावर भिवापूर, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. त्या मिरचीवर काकूंचं माहेर चालत आलेलं. 'म्हणजे तर्री? सावजीचा रस्सा? ठेचा?'

'सगळं यायच्या कृपेनं.'

काकूंनी पदर सावरला आणि कबरीला हात जोडले. गुरुजींनी घाईनं त्यांचा हात खाली केला. 'अवं, थांब. चांगला माणूस नव्हता तो. 1502 साली यानं मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज जाळलं, बायकापोरांसकट.'

काकूंनी हात सोडवून घेतला. 'मी त्याले नाई जोडले. मिरचीले जोडले.'

जेवायला चेट्टानं एका 'मील्स'च्या खानावळीत नेलं. केळीचं पान, पाण्याचा कोमट गुलाबी पेला (पतिमुगाच्या लाकडानं रंगतो, काकूंना वाटलं, ग्लास नीट धुतला नाही), आणि पानावर ओगराळ्यानं पडलेला तांबूस, जाड, एकेक शीत फुगून वेगळं झालेला मट्टा तांदळाचा भात. विदर्भातल्या धानपट्ट्यातला माणूस भाताचा अपमान सहन करत नाही, पण परीक्षा सगळ्याच भातांची घेतो. गुरुजींनी एक शीत दोन बोटांत दाबून पाहिलं. दबलं नाही.

काकूंचा शनिवार होता, मारुतीचा. साधं वरणभात बरं म्हणून त्यांनी भातावर वरणासारखं काही ओतून घेतलं आणि वाढप्याला हातानं भुरभुरवण्याची खूण करून म्हणाल्या, 'थोडासा सांबार.' वाढप्या आनंदानं धावत गेला आणि बादली घेऊन आला. पानावर आमटीचं तळं झालं. काकूंना हवी होती कोथिंबीर. नागपूरकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, सांबारवडी त्याचीच, हे त्या वाढप्याला कोण समजावणार? उलट 'सांबार नाही, सांबार' असं काकूंनी जोर देऊन म्हटल्यावर त्यानं दुसरी पळी वाढली.

गुरुजींना तोवर बोलायचं निमित्त मिळालं होतं. समोर बसलेल्या, एक अक्षर न समजणाऱ्या चेट्टाला ते एचएमटी तांदळाची गोष्ट सांगत होते. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे, तिथले दादाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत, शेती एकदीड एकर. 1983 साली त्यांना धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, पेरल्या, निवडल्या, परत पेरल्या. त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ निघाला तो व्यापाऱ्यानं घेतला आणि त्या वेळी ज्याच्या त्याच्या मनगटावर असायचं त्या घड्याळाचं नाव त्याला दिलं : एचएमटी. गुरुजींनी मनगट पुढे करून घड्याळ दाखवलं. 'ये राइस है.'

चेट्टानं घड्याळाकडे पाहिलं, भाताकडे पाहिलं आणि अदबीनं म्हणाला, 'अच्छा है, सार.'

एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

मट्टनचेरीचा डच राजवाडा डचांनी बांधलेला नाही. पोर्तुगीजांनी 1555 च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला भेट दिला. डचांनी शंभरेक वर्षांनी डागडुजी केली आणि नाव त्यांचं लागलं. गावातली जुनी विहीर दुरुस्त करून वर आपल्या नावाचा दगड बसवणारे सरपंच गुरुजींनी पाहिले होते, त्यामुळे त्यांना यात नवल वाटलं नाही. आत राजाच्या शेजघरात भिंतभर रामायण रंगवलेलं. हिरवट-तांबड्या अंगाची, मोठाल्या डोळ्यांची माणसं एकमेकांना खेटून दाटीनं उभी. काकू एकेका भिंतीसमोर थांबून काहीतरी शोधत होत्या.

'काय पाहून राह्यली?'

'रामटेक कुठं आहे ते.'

रामटेक मौद्याहून जवळ, राम वनवासात तिथं थांबला होता हे काकूंच्या लेखी रामायणातलं एक मुख्य कांड. केरळच्या चित्रकारानं ते गाळलं होतं. 'जागा पुरली नसंल,' गुरुजी म्हणाले. काकूंना ते पटलं नाही. लंकेला एवढी भिंत दिली होती.

शेजारच्या ज्यू टाऊनमधलं 1568 चं परदेशी सिनेगॉग शनिवारी बंद. आत जमिनीवर चीनमधून आणलेल्या, हातानं रंगवलेल्या निळ्या फरशा आहेत, एकीसारखी दुसरी नाही, असं म्हणतात. ते पाहायला हजारो मैलांवरून लोक येतात आणि शनिवारी आले तर मौद्याच्या गुरुजींसारखेच दाराची कडी पाहून जातात. बाहेरून मनोऱ्यावरचं घड्याळ तेवढं दिसतं. 1760 चं, एझेकिएल राहबी या व्यापाऱ्यानं उभारलेलं. एका तबकडीवर रोमन आकडे, एकीवर हिब्रू, एकीवर मल्याळम. गुरुजींनी एचएमटी पाहिलं. दोन वाजून दहा.

'शनिवारी काऊन बंद?' काकू.

'त्यांचा सुट्टीचा वार. आपल्या कोकणात नव्हते का शनिवार तेली?'

ही खरी गोष्ट आहे. कोकणातले बेने इस्रायल, मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. आपण कोण हे त्यांनाही फारसं आठवत नव्हतं. परंपरा सांगते की कोचीच्या राहबी घराण्यातला दावीद राहबी त्यांच्याकडे गेला, त्यांचे शनिवार ओळखले आणि त्यांना धर्म शिकवला. म्हणजे ज्याच्या घराण्याचं घड्याळ गुरुजी पाहत होते तिथून अलिबाग-पेणच्या बाजूला एक मास्तर गेला होता. गुरुजींना त्या कुटुंबाबद्दल एकदम आपुलकी वाटली. मास्तरकीत बदली ही असायचीच.

त्याच गल्लीत काकूंनी अर्धा किलो मिरी घेतली. भाव करताना दुकानदार मल्याळमध्ये, काकू नागपुरीत. दोघांचाही एकाच आकड्यावर शेवट झाला. बाजूच्या किराण्यातून दोन किलो मट्टा तांदूळही घेतला. 'शीत दबलं नाई ते पाह्यलं ना? घरी करून पाहीन,' असं त्या म्हणाल्या. मग सोनारांच्या गल्लीच्या तोंडाशी एका अंधाऱ्या दुकानातून आवाज आला.

'कुठनं आलासा, पाव्हणं?'

गुरुजी दचकून थांबले. आत मूस, भट्टी, तराजू आणि पंख्याखाली बसलेला एक गृहस्थ. मूळ गाव विट्याजवळ. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातल्या माणसांचा सोनं-चांदी गाळण्याचा हा गलाईचा धंदा देशभर पसरलाय. दुष्काळानं गाव सोडायला लावलं आणि सोन्यानं मुक्काम ठरवला. केरळात तर सोन्याला तोटा नाही. इथल्या भट्टीवर मल्याळम, घरात सांगलीची मराठी आणि यात्रेला गावी.

'मौद्याहून,' गुरुजी म्हणाले.

'मौदा कुठं आलं म्हणायचं?'

'नागपूरच्या पुढं. भंडारा रोडवर.'

'लांब आलासा की! या आत, च्या घ्या.'

'आमची बोट आहे हो, साडेचारला.'

'बोट काय पळती व्हय?'

चहा झालाच. विट्याचा गृहस्थ आणि मौद्याची मंडळी एकाच भाषेत बोलत होती म्हणायची, पण दर तिसरा शब्द दोनदा सांगावा लागत होता. तेवढ्यात दारातून दोन बायका गेल्या. 'खंय वत्ता?' एकीनं दुसरीला विचारलं, आणि काकूंनी मान वर केली. ते कळलं होतं. चेर्लाईच्या तिरुमल देवस्थानाकडे निघालेल्या कोकणी बायका. त्यांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्याहून इथं आले त्याला साडेचारशे वर्षं होत आली, बोली अजून घरात आहे. त्यांच्यातल्याच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या तीन वैद्यांनी डच गव्हर्नर व्हॅन रीड यांच्या 'हॉर्टस मलबारिकस' या मलबारच्या वनस्पतींच्या ग्रंथासाठी झाडपाल्याची माहिती दिली आणि तशी साक्ष कोकणीत लिहून दिली. 1678 पासून ॲमस्टरडॅममध्ये छापल्या गेलेल्या त्या बारा खंडांच्या ग्रंथात ती साक्ष नागरी अक्षरांतच छापलेली आहे. नागरी लिपी छापखान्यात जाण्याच्या अगदी पहिल्या खेपांपैकी ही एक, आणि ती या गल्ल्यांमधून गेली. त्या गल्लीत गुरुजी चहाचा कप हातात धरून उभे होते आणि घड्याळ पाहत होते. तीन वाजून सव्वीस.

'अरे बाप्पा!'

परतीला तोप्पुंपडीशी वाहनं थबकली होती. पुलाच्या अलीकडे एक टँकर आडवा, मागे बस, बसमागे चेट्टा. गुरुजींनी डोकं बाहेर काढलं, आत घेतलं, परत काढलं. 'टेन्शन नहीं लेने का, सार,' चेट्टा म्हणाला. त्याच्यासाठी सोपं होतं. त्याचं घर कोचीत होतं. काकूंनी मारुतीचं नाव घेतलं. चार वाजून दोन. गुरुजींच्या डोळ्यांपुढे पाच वाजताचं दृश्य आलं : अकरा मजले धक्क्यापासून हळूहळू लांब जाताहेत, डेकवर खर्ऱ्याविना सुकलेला तो नागपूरकर हात हलवतोय, आणि लेक पुण्याहून फोनवर विचारतोय, 'बाबा, तुम्ही नेमके कुठं आहात?' याचं उत्तर त्यांना येत होतं. 'भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर.'

टँकर हलला. बंदराच्या फाटकाशी पोहोचले तेव्हा चार वाजून एकोणीस. गुरुजींनी ठरलेल्या पैशांवर शंभराची नोट चेट्टाच्या हातात कोंबली आणि धावले; चौतीस वर्षांत ते इतके एकदाच धावले होते, शिक्षणाधिकारी न सांगता शाळेत आले होते तेव्हा.

तपासणीच्या यंत्रातून मिरी सुखरूप निघाली. तांदूळ अडला.

'रॉ राइस नॉट अलाउड, मॅडम.'

काकूंनी ऐकलं, आणि थकवा, सांबार, जाळं, बंद सिनेगॉग या सगळ्यांचा राग तिथं गोळा झाला. 'अरे, तांदळाच्या गावची आहो मी! आमच्या इथं उकिरड्यावरही धान उगवते! तुमचा तांदूळ घेऊन मी काय जहाज बुडवीन?' त्या मुलीनं शांतपणे पिशवीला चिठ्ठी लावली आणि मुंबईत परत मिळेल म्हणून बिल्ला दिला. क्रमांक 112. काकूंनी तो मंगळसूत्राच्या वाटीशी पिनेनं टाचला.

पाचला जहाज हललं. गुरुजी डेकवर येऊन कठड्याला टेकले. खाली विलिंग्डन बेट मागे सरकत होतं, गोदामं, रूळ, नारळ, सगळं रेतीवर. त्यांनी मोबाइल काढला, नंबर शोधला. टिप्परवाला पोरगा (आता पोरगा कसला, चाळिशीचा) लगेच उचलता झाला. मागून इंजिनाचा आवाज येत होता.

'गुरुजी! कुठून?'

'कोचीवरून. तुले आठवते का, सातवीत तू लिहिलं होतं, कोची बंदर माणसाने खोदले?'

'आठवते ना. तुमी शून्य देल्लं होतं. बापानं मारलं होतं.'

'अर्धा मार्क वाढवून देऊन राह्यलो.'

'आता कायले गुरुजी? पंचवीस वर्षं झाले.' मग जरा थांबून, 'अर्धाच काऊन?'

'अर्धं पुरानं केलं आहे. बाकीचं खोदलं. अन् त्या रेतीचं बेट केलं. साडेसातशे एकरांचं.'

पलीकडे इंजिन बंद झालं. 'किती ब्रास?'

आता हा प्रश्न नैसर्गिक होता. गुरुजींनी काकूंकडून पेन घेतलं, मिरीच्या पुडीवर गणित मांडलं. एकराचे 43,560 चौरस फूट, गुणिले साडेसातशे, खोली सरासरी दहा फूट धरू, शंभर घनफुटांचा एक ब्रास. खाडीचं तोंड जवळ येत होतं, चिनी जाळी परत एकदा डाव्या हाताला खाली चालली होती. उत्तर आलं ते त्यांनी दोनदा तपासलं.

'बत्तीस लाख सदुसष्ट हजार ब्रास.'

बराच वेळ पलीकडून काहीच आलं नाही. मग मौद्यातून, आवाज अगदी खाली आणून :

'रातच्यानं काढली असंल, गुरुजी.'